हिंदमाताचं पाणी आणि अर्धवट बग रिपोर्ट

आमच्या धंद्यात डोकं फिरवणारं एक वाक्य आहे. "सिस्टिम चालत नाहीये." बस्स, संपला बग रिपोर्ट! काय करत होतात, कुठलं बटण दाबलंत, त्याआधी काही बदललं होतं का... काही म्हणजे काही नाही. मग आपण फोन लावायचा, खोदून खोदून विचारायचं, आणि पाऊण तासाने पलीकडचा माणूस अगदी सहज म्हणतो, "हां, काल ती नवी फाइल टाकली होती. पण त्याचा काय संबंध?"

संबंध तिथेच असतो हो. नेहमी तिथेच असतो.

आता गंमत बघा. दिवसभर दुसऱ्यांच्या अर्धवट रिपोर्टवर चिडणारे आपण डॉक्टरांच्या समोरच्या स्टुलावर बसलो की नेमकं तेच करतो. "ताप आहे, अंग दुखतंय, दोन दिवस झाले." झालं. गेल्या आठवड्यात परळहून दादरपर्यंत गुडघाभर पाण्यातून चालत आलो, पायाला नव्या बुटाचा फोड होता, घरातलं कुत्रं तीन दिवस नीट खात नाहीये, गावाहून कुणीतरी आणलेलं दूध न तापवताच प्यायलो, यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही. कारण? त्याचा काय संबंध!

आजचा लेख या संबंधाबद्दल आहे. जनावरांकडून माणसांना होणारे जे जिवाणूंचे आजार आहेत, ते मुंबईत आपण समजतो तितके दुर्मिळ नाहीत. आणि त्यातले बरेचसे वेळेत कळले तर स्वस्तातल्या गोळ्यांनी बरे होतात. अडतं ते 'वेळेत कळणं' या दोन शब्दांपाशी. माझं म्हणणं असं, की ते न कळण्यामागे डॉक्टरांपेक्षा आपण जास्त आहोत, आणि आपल्यापेक्षाही जास्त आहे ती माणूस आणि जनावर हे दोन वेगळे कप्पे करून विचार करायची आपली जुनी सवय.

सुरुवात ओळखीच्या नावापासून करू. लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तो दिवस मुंबईकर विसरणं शक्य नाही. पाणी ओसरलं आणि पुढच्या काही आठवड्यांत तापाच्या पेशंटांनी रुग्णालयं भरली. त्यात लेप्टोचे पेशंट पुष्कळ होते. हा जीभ वळवणारा शब्द तेव्हा घराघरात पोचला आणि लांबलचक वाटतो म्हणून त्याचं 'लेप्टो' झालं. खरं तर पाहुणा जुनाच. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांना २००५ च्या आधीच, पावसाळ्यात ताप घेऊन येणाऱ्या मुलांमध्ये तो सापडला होता.

हा जंतू अगदी बारीक आणि स्प्रिंगसारखा पिळदार असतो. प्राण्याच्या मूत्रपिंडात तो बिऱ्हाड करतो आणि लघवीवाटे बाहेर पडत राहतो. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो. कोरडं पडलं की मरतो, समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही त्याचं फार चालत नाही. माणसात शिरायला त्याला डासासारखं चावावं लागत नाही. टाचेची भेग, नखाजवळचं सोललेलं कातडं, तासभर पाण्यात भिजून मऊ पडलेला तळवा, किंवा बाजूने गेलेल्या बसमुळे डोळ्यात उडालेला शिंतोडा, एवढं त्याला पुरतं.

बहुतेकांच्या डोक्यात हा उंदरांचा रोग आहे. म्हणजे अर्धं खरं. उंदीर-घुशी हे त्याचं मुख्य कोठार. उंदीर स्वतः आजारी पडत नाही, आणि लघवीतून जंतू मात्र जन्मभर सोडत राहू शकतो. पण तोच जंतू कुत्र्यांत असतो, गाईम्हशींत असतो, डुकरांत असतो. गाय-म्हैस गाभडण्यामागे कधी कधी तो असतो. कुत्र्याला लागण झाली तर तो गंभीर आजारी पडू शकतो, किंवा वरून ठणठणीत दिसत असताना महिनोन्महिने जंतू सोडत राहू शकतो. माणसाकडून माणसाला मात्र हा रोग जवळजवळ होतच नाही. थोडक्यात काय, हा गल्लीतल्या चार पायांच्या रहिवाशांचा आपसातला मामला. पाणी भरलं की आपण दोन पायांचे त्यात मधे येतो.

आता बग रिपोर्टचा मुद्दा. लागण झाल्यापासून ताप यायला साधारण पाच ते चौदा दिवस जातात. कधी दोनच दिवस, कधी महिनाभर. म्हणजे ताप येतो तेव्हा पॅन्ट धुवून, वाळून, इस्त्री होऊन कपाटात गेलेली असते! पाण्यातून चालल्याचं आपण विसरलेलो असतो. आणि लक्षणं कशी? ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी. जुलै-ऑगस्टमधल्या मुंबईत ही लक्षणं म्हणजे डेंग्यू, मलेरिया, फ्लू आणि लेप्टो या चौघांची सामाईक मालमत्ता. पोटऱ्या विलक्षण दुखणं आणि चिकट घाण न येता डोळे लाल होणं, या दोन खुणा लेप्टोकडे बोट दाखवतात, पण त्या प्रत्येकात असतातच असं नाही. काहींचा ताप चार-पाच दिवसांनी उतरतो, माणूस ऑफिसला जायला लागतो, आणि मग दुसरी लाट येते. कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडं बसतात, फुप्फुसात रक्तस्राव होतो. तिथून परत येणं अवघड असतं.

मग रक्त तपासायचं ना सरळ, असं तुम्ही म्हणाल. तिथेही मेख आहे. लेप्टोसाठी जी नेहमीची तपासणी होते ती रक्तातली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला जवळजवळ आठवडा लागतो. पहिल्या तीन-चार दिवसांत रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे लेप्टो नाही असं होत नाही. आणि औषध सगळ्यात कामाचं असतं ते याच दिवसांत. डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन ही काही चंद्रावरून आणायची औषधं नाहीत, पण ती लवकर सुरू व्हायला हवीत. म्हणून चांगला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता संशयावरून उपचार सुरू करतो. पण संशय यावा कशावरून? तुमच्या सांगण्यावरून. लॉग फाइल तुमच्या डोक्यात आहे, मशीनमध्ये नाही.

इथपर्यंत आपली चूक झाली. आता दुसरी गोष्ट, कप्प्यांची.

परळला एकदा नुसतं चालत फिरून बघा. आचार्य दोंदे मार्गावर केईएम रुग्णालय आहे, १९२६ सालचं. तिथेच हाफकिन इन्स्टिट्यूट. तिथून चालत फार तर पंधरा मिनिटांवर जनावरांचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, आणि त्याच आवारात १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे माणसाचा ताप, जनावराचा ताप आणि जंतूचा अभ्यास, तिन्ही एका पिन कोडच्या आसपास! अशी सोय देशात फारशी कुठे नसेल. पण आपल्या मनात मात्र या तीन इमारती तीन वेगवेगळ्या गावांत आहेत. केईएमच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कधी वाटत नाही, की आपल्या कागदावर जे लिहिलं जाणार आहे त्याचा पलीकडच्या दवाखान्यात आलेल्या कुत्र्याशी काही संबंध असेल. आणि कुत्रा घेऊन गेलेल्या माणसालाही वाटत नाही.

हे असं एकदा फार महागात पडलेलं आहे, आणि तेही इथेच. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पेशंट ओळखला. प्लेग हाही जनावराकडून येणारा जिवाणूच. उंदीर पाळीव नाही हे खरं, पण गिरगाव-मांडवीच्या घरांत तो भाडं न भरता राहणारा बिऱ्हाडकरू होताच. माणसं पटापट मरायला लागण्याच्या आधी घरात, गोदामात मेलेले उंदीर सापडत होते. लोक ते बघत होते. म्हणजे बग रिपोर्ट समोर जमिनीवर पडलेला होता.

पण तेव्हाचं सरकारी डोकं चाललं ते 'वाईट हवे'च्या दिशेने. दाटीवाटी, कोंदट खोल्या, घाणीतून उठणाऱ्या वाफा, यातून रोग होतो असा समज पक्का होता. घरं धुतली, चुना फासला, छपरं उघडी टाकली, माणसांना उचलून छावण्यांत नेलं. १८९८ मध्ये शहर सुधारायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा शहरात खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सॅंडहर्स्ट रोडसारखे रस्ते वस्ती फोडून काढले. दादर-माटुंग्याची योजनाही याच ट्रस्टची. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनीतले ते झाडांचे ऐसपैस रस्ते, ज्यांच्या फ्लॅटचे भाव ऐकून आज आपण गपचूप पुढे चालू लागतो, ते एका अर्थी प्लेगने बांधले आहेत.

रस्ते चांगलेच झाले, प्रश्न तो नाही. पण रोग वाऱ्यात नव्हता, तो उंदराच्या अंगावरच्या पिसवेत होता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत हे दाखवून दिलं, तर पुष्कळ तज्ज्ञांनी ते उडवून लावलं. अखेर १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळच्याच प्रयोगशाळेत बसून, प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून, त्यांच्या अंगावर किती पिसवा येतात ते मोजून, ही गोष्ट पक्की केली. ही तीच प्रयोगशाळा, जिला १९२५ पासून हाफकिनचं नाव आहे. खुद्द वॉल्डेमार हाफकिनने प्लेगची लस १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली होती.

म्हणजे उंदराकडे नीट बघायला आपल्याला नऊ-दहा वर्षं लागली. तोवर किती माणसं गेली त्याचा हिशेब करवत नाही.

आज आपण फार शहाणे झालोत असं वाटत असेल तर गेल्या काही वर्षांकडे बघा. जुलै २०१५ मध्ये उत्तर मुंबईत लेप्टोने बळी घेतले, तेव्हा कुठे त्या परिसरातली कुत्री आणि गुरं तपासायची धावपळ झाली. आधी माणूस दगावतो, मग जनावर आठवतं. क्रम तोच, १८९६ चा.

एरवी जनावरांबद्दल आपल्याकडे बोलणं होत नाही असं नाही. भरपूर होतं, पण ते फक्त दोन पट्ट्यांत. एक म्हणजे 'मुक्या जिवांवर दया' आणि दुसरी म्हणजे 'हटवा ही घाण'. दादरच्या कबुतरखान्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये जे झालं ते आठवा. ताडपत्री घातली, ती फाडली, पोलीस आले, चॅनेलवाले आले. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला आरोग्य, दोन्हीकडून आवाज टिपेला. पण कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाला जो त्रास होतो तो बहुतांशी ॲलर्जीच्या जातीचा असतो, काही बुरशीचे संसर्ग असतात, आणि सिटॅकोसिस नावाचा एक जिवाणूचा आजार पक्ष्यांकडून येऊ शकतो, हे तीन वेगळे प्रकार आहेत, त्यांचा धोका आणि उपाय वेगळे आहेत, हे त्या गदारोळात किती जणांच्या कानावर पडलं? दया आणि तिटकारा या दोन्हींत एक साम्य आहे. जनावराच्या तब्येतीची चौकशी दोघेही करत नाहीत.

ही दयेची परंपराही इथलीच, आणि ती मला मनापासून आवडते. गिरगावातून पुढे सी. पी. टँक, भुलेश्वरला गेलात की भर बाजारात पांजरपोळ आहे, १८३४ सालापासून. सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला, त्यावरून १८३२ मध्ये शहरात दंगल झाली, आणि त्यानंतर सर जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी तो उभा केला. आजही लोक जाता-येता तिथे गाईला चारा घालतात. जरूर घालावा. फक्त नंतर हात धुवावेत आणि पोराला त्या ओल्या फरशीवर अनवाणी पळू देऊ नये, एवढंच. श्रद्धेला साबणाचं वावडं कधीच नव्हतं.

अनवाणी म्हटलं की लालबाग आलंच. गणपती येतात ते नेमके भाद्रपदात, पाऊस अजून गेलेला नसतो. राजाच्या रांगेत तासन्‌तास, काही जण रात्रभर, ओल्या रस्त्यावर अनवाणी उभे असतात. विसर्जनाला लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत कित्येक जण पायांत काही न घालता चालतात. त्या गर्दीत टाचेला भेग नाही असा पाय सापडणं कठीण. गंमत अशी, की शेवटी ज्या समुद्रात आपण उतरतो तिथे लेप्टोचं फारसं भय नाही, भय आहे ते वाटेतल्या डबक्याचं. नवस आहे, मान्य. पण पायाला जखम असताना चप्पल घालून आलेल्या भक्तावर बाप्पा रागावेल असं मला काही वाटत नाही. मंडळांची रक्तदान शिबिरं, रुग्णवाहिका यांची शिस्त आपण बघतोच. त्यात 'जखम असेल तर अनवाणी येऊ नका' असा एक फलक सहज बसेल.

आता थोडं दुधाकडे वळतो, कारण आपल्या वयाच्या मंडळींत सध्या एक नवं खूळ आहे. 'कच्चं', 'नैसर्गिक', 'थेट गोठ्यातून' असं काचेच्या बाटलीतलं दूध. आणि ते न तापवता प्यायचं म्हणे, म्हणजे त्यातलं सत्त्व टिकतं! आपल्या आज्या मूर्ख होत्या का हो? दूध आलं की आधी गॅसवर, वर येईपर्यंत, आणि मगच बाकीची कामं. साय ही नंतरची कमाई, मुख्य काम जंतू मारण्याचं होतं. ब्रुसेलोसिस नावाचा आजार गाई-म्हशी-शेळ्यांकडून न तापवलेल्या दुधातून माणसाला होतो. गोठ्यात काम करणारे, जनावरांचे डॉक्टर, कत्तलखान्यातले कामगार यांना तो थेट संपर्कातूनही होतो. आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, रात्रीचा दरदरून घाम, सांधे आणि कंबर धरणं. टायफॉइड समजून औषध होतं, टीबी समजून औषध होतं, आणि माणूस वर्षभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतो. का? कारण 'कच्चं दूध प्यायलात का' हे कुणी विचारलेलं नसतं आणि आपण सांगितलेलं नसतं. केंद्र सरकारने २०१९ पासून वासरांना ब्रुसेलाची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आहे. म्हणजे जनावराला लस दिली की माणूस वाचतो, हे सरकारच्या लक्षात आलंय. आपण निदान दूध तरी तापवू या.

आणि घरातली कुत्री-मांजरं? मला विचाराल तर जरूर पाळा. हा लेख वाचून कुणी 'पिल्लू सोडून या कुठेतरी' म्हणणार असेल तर माझी मेहनत वाया गेली. पण कुत्र्याच्या लशीचं कार्ड काढून एकदा बघा. आपल्याकडे 'लस दिली' म्हणजे रेबीजची दिली असा अर्थ असतो. रेबीज हा विषाणू, त्याची लस हवीच. पण लेप्टोची लस वेगळी असते. 'सेव्हन इन वन', 'नाइन इन वन' अशा नावांच्या एकत्र लशींत ती बहुधा असते, सगळ्यांत नसते. शिवाय तिचा परिणाम साधारण वर्षभर टिकतो, म्हणून ती दरवर्षी, पावसाळ्याआधी द्यावी लागते. लेप्टोचे प्रकार पुष्कळ आहेत आणि लस त्यातल्या काहींपासूनच वाचवते, तरीही देणं शहाणपणाचं. पावसात फिरवताना त्याला डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. घरात लघवी केली तर हातमोजे घालून पुसा. आणि तो अचानक मलूल झाला, उलट्या करायला लागला, डोळे पिवळे दिसले, तर त्याला डॉक्टरकडे न्या आणि स्वतःच्या तापाकडेही लक्ष ठेवा. मांजराने ओरखडलं, कुत्रं चावलं, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. तिथूनही जिवाणू शिरतात, नुसता रेबीजचाच प्रश्न नसतो.

आता मुख्य तक्रार. ती आहे त्या लाडक्या 'मुंबई स्पिरिट'बद्दल.

२६ मे २०२५ ला मान्सून विक्रमी लवकर मुंबईत दाखल झाला आणि त्याच दिवशी हिंदमाता नेहमीसारखं भरलं. पालिकेने तिथल्या पाण्यासाठी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली मोठाल्या टाक्या बांधल्यात, पंप बसवलेत. पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं, हे मान्य करायला हवं. पण भरायचं ते भरतंच. आणि आपण काय करतो? पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, बॅग डोक्यावर घेऊन, त्यातून चालत ऑफिस गाठतो, आणि फोटो टाकतो. 'काहीही होवो, मुंबईकर थांबत नाही!' वर शाबासकी मिळते.

अरे, थांबा की! त्या पाण्यात गटार आहे, उकिरडा आहे, उंदरांची बिळं धुवून निघालीत, रस्त्यावरच्या कुत्र्यांचं आणि गुरांचं सगळं काही आहे. त्यातून चालण्यात मर्दुमकी कसली? ज्याला पर्यायच नव्हता त्याचं कौतुक मी समजू शकतो. लॅपटॉपवर घरून काम होऊ शकतं त्याने नुसती हजेरी लावायला हे करणं, याला मी तरी स्पिरिट म्हणणार नाही.

आणि पर्याय नसलेले लोक कोण, तेही बघू. आपल्याला सकाळी साडेसातला मेल येतो, 'आज घरून काम करा.' छान. पण परळ-लोअर परळच्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या काचेच्या इमारतींच्या दारातला वॉचमन, पॅन्ट्रीतला मुलगा, संडास साफ करणारी बाई, यांना तो मेल येत नाही. ते कंत्राटाचे. एक दिवस बुडला की पगार कापला. दुपारी आपण घरी बसून 'भजी खायचा मूड आहे' म्हणत ॲपवर ऑर्डर टाकतो, ती घेऊन येणारा पोरगा त्याच पाण्यातून येतो. आणि गटारात उतरणारे पालिकेचे नि कंत्राटदारांचे कामगार तर वर्षभर त्यातच. लेप्टो सगळ्यांना सारखा होतो हे पुस्तकातलं वाक्य झालं. प्रत्यक्षात तो ज्याला पाण्यात उतरावंच लागतं त्याला आधी होतो, आणि ज्याला तापात रजा मिळत नाही त्याच्यात बळावतो.

आपल्या ऑफिसांत आगीचा सराव होतो, डेटाचा बॅकअप होतो, एक सर्व्हर पडला तर दुसरा उभा राहतो. मग पावसाळ्याचा साधा नियम का नसावा? कंत्राटी माणसांनाही त्या दिवसाचा पगार, रोज ज्यांना पाण्यातून यावं लागतं त्यांना गमबूट, आणि पाण्यातून आलेल्या प्रत्येकाला डॉक्टरांचा सल्ला. एका टीम डिनरच्या खर्चात एका मजल्याचं काम भागेल. ही मागणी एचआरकडे आपण करायची आहे, कारण आपलं म्हणणं तिथे ऐकून घेतलं जातं, त्यांचं नाही.

गोळ्यांबद्दल थोडं स्पष्ट सांगतो. साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्यावं, असं पालिका पावसाळ्यात सांगत असते. त्यात गट असतात. एकदाच पाण्यातून गेलेला आणि जखम नसलेला, जखम असलेला, आणि पुन्हा पुन्हा पाण्यात उतरावं लागणारा, या प्रत्येकाचा डोस वेगळा. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी औषधच वेगळं. त्यामुळे मित्राच्या पाकिटातली गोळी उसनी घेऊ नका, व्हॉट्सॲपवरचा डोस पाळू नका. पालिकेचे दवाखाने, 'आपला दवाखाना' केंद्रं, नाहीतर आपला नेहमीचा डॉक्टर, कुणालाही विचारा. आणि गोळी घेतली म्हणजे कवचकुंडलं मिळाली असंही नाही. नंतर ताप आला तर पुन्हा जायचंच.

असो. लेख लांबला. सारांश एवढाच, की यापुढे डॉक्टरसमोर बसाल तेव्हा, त्यांनी विचारलं नाही तरी, या चार गोष्टी आपण होऊन सांगा. गेल्या महिन्याभरात साचलेल्या पाण्यातून गेलो होतो का, आणि कधी. पायाला-हाताला जखम होती का. घरात, शेजारी, कामावर कुठली जनावरं आहेत, त्यातलं कुणी आजारी आहे का, घरात उंदीर आहेत का. आणि न तापवलेलं दूध पोटात गेलंय का. सगळं मिळून अर्धं मिनिट लागतं. ओपीडीत डॉक्टरांकडे प्रत्येक पेशंटला दोन-तीन मिनिटं असतात, त्यातलं हे अर्धं मिनिट सगळ्यात कामाचं ठरू शकतं.

आई-बाबांनाही हे शिकवा. घरी कामाला येणाऱ्या मावशींना, खालच्या वॉचमनकाकांना तर आधी सांगा. ते तापातही कामावर येतात आणि "काही नाही, अंग जरा कणकण करतंय" एवढंच म्हणतात. तेव्हा त्यांना, आपण युजरला फोनवर विचारतो तसं, पण जरा प्रेमाने, खोदून खोदून विचारा. "गेल्या आठवड्यात पाण्यातून आला होतात का?"